सबब हा दाखला

"श्री. अमुक तमुक, सहशिक्षक, हे मौजे अमुक येथे सहकुटुंब मुख्यालयी राहतात, सबब हा दाखला देण्यात येत आहे."

हे वाक्य मी आयुष्यात नऊ वेळा लिहिलं. नऊही वेळा माझ्याच अक्षरात, माझ्याचबद्दल. दाखला द्यायचा असतो ग्रामपंचायतीनं. पण आमचे ग्रामसेवक म्हणायचे, "सर, तुमचं अक्षर मोत्यासारखं, तुम्हीच लिहून आणा, मी शिक्का मारतो." शिक्का त्यांच्या मोटारसायकलच्या डिकीत असायचा, कारण तेही माझ्यासारखेच जालन्यात राहायचे. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सरपंच तेवढे गावात राहत होते. म्हणून सहीसाठी गावाला जावं लागायचं. नाहीतर तो दाखला आम्ही जालन्यातच चहाच्या टपरीवर उरकला असता.

गाव मंठा तालुक्यातलं. जालन्याहून वाटूर फाट्यापर्यंत एसटी किंवा काळीपिवळी, तिथून पुढं कच्चा-पक्का रस्ता. एका बाजूनं साठेक किलोमीटर. याला आमच्या भाषेत अपडाऊन म्हणतात. मराठवाड्यात असं गाव सापडणार नाही की जिथं हा शब्द म्हातारीलासुद्धा कळत नाही. "गुर्जी अपडाऊन करतेत," असं ती म्हणते, तेव्हा त्यात तक्रारही असते आणि थोडी कीवही.

नोकरदारानं गावात राहावं की नाही, हा वाद आजचा नाही. लोक म्हणतात, पूर्वी सगळे गावातच राहायचे. ते अर्धंच खरं आहे.

माझं स्वतःचं गाव अंबड तालुक्यात. माझे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. तेव्हा जालना, अंबड, भोकरदन हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. जालना जिल्हा झाला तो पार १ मे १९८१ ला. आजोबांच्या वेळी गावात सरकार म्हणजे दोन-तीन माणसं. माली पाटील सारा वसूल करणार, पोलीस पाटील चोरीमारी बघणार आणि पटवारी दप्तर सांभाळणार. ही सगळी वतनं. बापाकडून लेकाकडं जाणारी. यांना गावात राहा म्हणून कुणी हुकूम काढत नव्हतं, कारण त्यांचं वतनच गावाच्या पांढरीत रुतलेलं. घर पांढरीत, शेत काळीत, आणि चावडी घरापासून हाकेच्या अंतरावर. जुन्या मराठी मुलखात गावात दोन जातीची कुळं धरायची रीत होती. एक मिरासदार, म्हणजे पिढीजात हक्काचा, आणि दुसरा उपरी, म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. उपऱ्याला गावच्या कारभारात जागा नाही. आज आपण 'उपरा' म्हणतो तेव्हा तो जुना हिशेबच बोलत असतो.

पण आजोबाच सांगायचे की आमच्या गावचा पटवारी काही गावात राहत नव्हता. वतन एकाचं, राहणं शहरात, आणि गावात त्याचा गुमास्ता. गुमास्ता म्हणजे पगारी बदली माणूस. लिहिणं तो करायचा, हक्क मालकाचा. वसुलीच्या दिवसांत मालक घोड्यावर यायचा, दोन दिवस राहायचा, कोंबडं खायचा, जायचा. आजोबांचं वाक्य मला अजून आठवतं, "वतनदार गावात ऱ्हायला तर त्याचा तरास, नाही ऱ्हायला तर गुमास्त्याचा तरास." म्हणजे माणूस गावात राहतो एवढ्यानं गावाचं भलं होतंच असं नाही. जो गावातच राहतो, ज्याला कुणी हलवू शकत नाही, ज्याच्या हातात सात पिढ्यांच्या जमिनीचा कागद आहे, तो गावाला किती जड जातो हे ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक. चावडीच्या पायरीवर कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं, हेही तोच ठरवायचा. त्यामुळं पुढं बदलीवाला, पगारी, परगावचा माणूस आला तेव्हा गावातल्या बऱ्याच लोकांना सुटल्यासारखं वाटलं. खालच्या आळीतल्यांना तर नक्कीच.

सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं पद संपलं. त्याच वर्षी १ मे ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पटवाऱ्याच्या जागी तलाठी बसला आणि ग्रामपंचायतीला ग्रामसेवक मिळाला. दोघंही बदलीचे. एकच पद असं राहिलं की जिथं गावचा रहिवासी असणं ही अट कायद्यातच लिहिली गेली, ते म्हणजे पोलीस पाटील. १९६७ चा ग्राम पोलीस कायदा आणि त्याखालचा १९६८ चा आदेश यांनी वतन काढलं, पण रहिवास ठेवला. वारसा नको, पण माणूस गावचाच हवा. मला हे मोठं शहाणपणाचं वाटतं. रात्री गावात मारामारी झाली तर साठ किलोमीटरवरचा पोलीस पाटील काय कामाचा?

मग मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, नर्सबाई यांचं काय? त्यांच्यासाठी 'मुख्यालय' हा शब्द आला. जिथं नेमणूक तिथं राहायचं, आणि राहता म्हणून घरभाडे भत्ता घ्यायचा. सातव्या वेतन आयोगात खेड्यासाठी तो मूळ पगाराच्या ८ टक्क्यांपासून सुरू झाला. लहान रक्कम नाही.

मी लहान असताना आमच्या शाळेचे दोन गुरुजी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत राहायचे. एक सडे होते, एकांचं बिऱ्हाड होतं. गुरुजींची बायको आमच्या आईकडं ताक मागायला यायची आणि आई तिच्याकडून पत्र वाचून घ्यायची. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात चौथीच्या पोरांना गुरुजी पुन्हा बसवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. भाजी मात्र कधी विकत घेतली नसेल त्यांनी. माझं पाढे पाठ होणं, माझं डी.एड.ला लागणं, हे त्या कंदिलाचं देणं आहे. म्हणून मी नोकरीला लागलो तेव्हा मनाशी ठरवलं होतं की आपण गावातच राहायचं.

आणि राहिलोही. पहिली बारा वर्षं भोकरदन तालुक्यात दोन गावांत खोली करून राहिलो. बायको आली, मुलगी झाली. पावसाळ्यात खोली गळायची. घरमालक चांगले होते, पण त्यांच्या घरातल्या भांडणात आम्हाला पंच व्हावं लागायचं. गावात राहणाऱ्या मास्तराला गावाची दोन्ही पॅनलं आपलीच समजतात, आणि निवडणुकीनंतर दोन्हीही परकी समजतात. हा गावात राहण्याचा कर आहे, तो भत्त्यात धरलेला नाही.

२०११ साली बदली मंठा तालुक्यात झाली. मुलगी तेव्हा सातवीत होती. बायको म्हणाली, "आता बस्स. लेकीची शाळा जालन्यात." मीही वाद घातला नाही. पुढच्या वर्षी, २०१२-१३ ला, दुष्काळ पडला. जालना जिल्ह्यानं तो कसा काढला हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. गावात टँकर आला की बायका विहिरीच्या काठावर घागरींची रांग लावायच्या, टँकर विहिरीत मोकळा व्हायचा आणि मग झुंबड. त्या गावात बिऱ्हाड नेलं नाही याचं मला तेव्हा बरंच वाटलं. हे मी लपवत नाही. पण भत्ता घेतला, तेही लपवत नाही. दाखल्यावर 'सहकुटुंब' हा शब्द लिहिताना पहिल्या वर्षी पेन अडखळला. दुसऱ्या वर्षी अडखळला नाही.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावात राहणाऱ्या नोकरावर गावाचा काही अधिकार असावा, हे कायद्याला मान्य आहे. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. त्यात २००३ साली दुरुस्ती झाली आणि गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी नोकरांवर ग्रामसभेचं शिस्तीचं नियंत्रण राहील असं लिहिलं गेलं. त्यांनी ग्रामसभेला हजर राहायचं, आणि चूक दिसली तर ग्रामसभेनं गटविकास अधिकाऱ्याला कळवायचं. कागदावर हे फार मोठं आहे. गावानं नोकराला विचारायचं, तू कुठं असतोस? पण ज्या नोकरानं ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहायचं, त्याच्याबद्दलच ठराव घ्यायचा, तर तो लिहिणार कोण? आमच्याकडं हे कलम २००३ नंतर बरीच वर्षं कुणाच्या तोंडीही नव्हतं.

मग सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाचा शासन निर्णय आला. जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी हे मुख्यालयी राहतात याबद्दल ग्रामसभेचा ठराव पाहिजे. आता नुसता सरपंच-ग्रामसेवकाचा दाखला चालणार नव्हता. अख्ख्या गावानं हात वर करून म्हणायचं की होय, हा माणूस आमच्यात राहतो. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पुढं २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हाच विषय काढला आणि शिक्षक चिडून औरंगाबादेत मोर्चानं रस्त्यावर उतरले. तेव्हा माझ्या जवळचे काही मित्र त्यात होते. मी गेलो नाही. का गेलो नाही, ते पुढं कळेल.

हा प्रश्न आपल्याच मातीतला आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. तसं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराचा नियम होता की शहराच्या नोकरानं शहराच्या हद्दीतच राहायचं. एक अग्निशामक जवान शेजारच्या न्यू जर्सी राज्यात राहायला गेला, त्याची नोकरी गेली, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७६ साली न्यायालयानं शहराच्या बाजूनं कौल दिला. पुढं विस्कॉन्सिन राज्यानं २०१३ मध्ये कायदा करून गावा-शहरांचा हा अधिकारच काढून घेतला. मिलवॉकी शहर भांडलं आणि २०१६ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरलं. तिथं शहर म्हणतं राहा, राज्य म्हणतं नका राहू. आपल्याकडं उलटं. राज्य म्हणतं राहा, आणि राहतो की नाही हे बघायला गावाला सांगतं. पण गावाला तो माणूस नेमताही येत नाही, काढताही येत नाही. त्याचा भत्ता कापायचा ठराव केला तर उद्या तो बदलून जाईल आणि शाळा सहा महिने एकशिक्षकी चालेल, ही भीती गावालाच. म्हणून गाव हात वर करतं.

आता दुसरी बाजू.

ज्या कायद्यानं आम्हा नोकरांना मोकळं सोडलं, तोच कायदा निवडून आलेल्या माणसाला मात्र गावात बांधून ठेवतो. ग्रामपंचायत कायद्याचं ४० वं कलम फार कमी लोकांना माहीत असतं. सदस्य सलग चार महिन्यांपेक्षा जास्त काळ गावाबाहेर राहिला तर त्याचं सदस्यत्व जातं. फक्त ग्रामपंचायतीनं रजा दिली असेल तर वाचतं, आणि ती रजा सहा महिन्यांपेक्षा जास्त देता येत नाही. वाद झाला तर निकाल जिल्हाधिकारी देतात. हे कलम ज्यानं लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर मुंबईला जाऊन राहिलेला, गावात नुसतं नाव ठेवलेला बडा माणूस असावा. आमच्याकडं ते लागू होतं ऊसतोड कामगाराला.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या पट्ट्यातून दिवाळी झाली की गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत परत येता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्याच्या तळावर पाच-सहा महिने. चार महिन्यांचा हंगाम असा नसतोच. म्हणजे कोयता घेऊन गेलेला पंच कायद्यानं आपोआप बाद. आणि २०११ पासून ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायकांना राखीव झाल्यावर तांड्यावरच्या, वस्तीवरच्या किती बायका सदस्य झाल्या! त्यातल्या कैक हंगामाला जातात.

आमच्या गावच्या तांड्यावरूनही एक बाई २०१५ ला निवडून आली होती. तिला गाव मेंबरीणबाई म्हणायचं, निम्मं मानानं, निम्मं चेष्टेनं. वय तिशीच्या आतबाहेर. सही करायला शाळेतच शिकली, तिच्या पोराच्या शेजारी बसून. त्या वर्षी परतीच्या पावसानं सोयाबीन झोडपलं होतं, शेंगेला कोंब फुटले होते. मुलाच्या दवाखान्यासाठी उचल जास्त घेतली होती. जाणं भागच होतं. कार्तिकात एके दिवशी ती शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली.

"सर, ते लोक म्हणतेत, औंदा गेली तर तुही मेंबरी जाईन. खरं हाय का?"

'ते लोक' म्हणजे दुसरं पॅनल. मी म्हणालो, "बघतो." कायद्याचं पुस्तक मंठ्याला एका वकील मित्राकडं बघितलं. कलम ४० वाचलं. दोन दिवसांनी तिला बोलावून अर्ज लिहून दिला. ग्रामसेवक म्हणाले होते, चार महिन्यांची रजा लिहा, पुरे. मी म्हटलं, कायदा सहा देतो ना, मग सहाच मागा. तिनं खाली सही केली, अक्षर अक्षर वेगळं काढून. मासिक सभेत अर्ज मंजूर झाला. कुणी विरोध केला नाही, कारण सभेला कुणी फारसं नव्हतंच. पण प्रोसिडिंग बुकात ओळ आली. त्या ओळीचा फोटो मी मोबाइलवर काढून तिच्या नवऱ्याला पाठवला. नोव्हेंबरच्या शेवटी ट्रॅक्टर निघाला. मागं दोन पोरं आणि सासू.

मग आली २६ जानेवारी २०२०. झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली आणि शाळेच्याच पटांगणात ग्रामसभा बसली. अजेंड्यावर नववा विषय आमचा होता, 'कर्मचारी मुख्यालयी राहत असल्याबाबत ठराव.' नववा विषय येईपर्यंत माणसं पांगतात, हा हिशेब ग्रामसेवकांचा. पंचवीस-तीस डोकी उरली होती. ग्रामसेवकांनी वाचलं, "सर्व कर्मचारी मुख्यालयी राहतात, सर्वानुमते..." एवढ्यात मेंबरीणबाईची सासू, जी पोराला घ्यायला म्हणून कुंपणाशी बसली होती, ती उठली.

"एक इचारू का? गुर्जी, तुमी कुठं ऱ्हाता?"

सगळे हसले. सरपंच म्हणाले, "आजी, बसा, ते सरकारी काम हाय."

"बसते ना. पर मही सून इथली मेंबर हाय. ती घर सोडून उसात गेली तर तिला अर्ज लिवून जावं लागलं, का बाई, मला जाऊ द्या. नाहीतर मेंबरी जाती. तिचं घर इथं, लेकरं इथं, मी इथं. हे गुर्जी चांगलेच हायेत, अर्ज त्यायनीच लिवला. पर ते ऱ्हायनात कुठं, त्यायला कामून अर्ज नाही?"

कुणी हसलं नाही. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आजपर्यंत मला गावात कुणी उद्धटपणे बोललेलं नाही आणि तीही उद्धट बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. आणि मलाही उत्तर येत नव्हतं. मतदार यादीचा कायदा सांगतो की नुसतं घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी होत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवासी राहत नाही असंही नाही. त्या कायद्यानं बघितलं तर ती सून कारखान्याच्या तळावर पालात झोपत होती तरी गावची रहिवासी होती, आणि मी रोज साडेनऊ ते पाच गावात असूनही नव्हतो.

ग्रामसेवकांनी घसा खाकरला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. 'सर्वानुमते तहकूब' असं लिहिलं. जाताना मला म्हणाले, "सर, म्हातारीचं मनावर घेऊ नका. एक मेच्या सभेत घेऊ करून."

एक मेची सभा झालीच नाही. २४ मार्चला पंतप्रधानांनी रात्री टीव्हीवर येऊन टाळेबंदी सांगितली. ऊसतोडवाले कारखान्यांच्या तळांवर अडकले. काही कारखाने चालूच होते, काहींचा हंगाम संपला होता, पण जिल्ह्याच्या हद्दी बंद. एप्रिलच्या मध्याला सरकारनं त्यांना परत आणायला परवानगी दिली, आणि गाव तयारीला लागलं. तयारी म्हणजे काय, तर त्यांना गावात घ्यायचं नाही. चौदा दिवस बाहेर ठेवायचं. कुठं? जिल्हा परिषदेच्या शाळेत.

मला तहसीलचा आदेश आला. शाळेवर विलगीकरण कक्ष, तिथं नोंदवही ठेवायची, नर्सबाई येईल तेव्हा हजर राहायचं. अपडाऊनला वाहन नाही आणि दुचाकीला रस्त्यात पोलीस अडवणार. मी दोन जोड कपडे, मच्छरदाणी आणि गोळ्यांचा डबा घेऊन गावात आलो आणि ऑफिसच्या खोलीत सतरंजी टाकली. बायको फोनवर रडली. बदली झाल्यापासून नऊ वर्षांत मी त्या गावात पहिल्यांदा रात्री झोपलो.

तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा ट्रॅक्टर आला. अकरा कोयते, सात लेकरं. गावाच्या वेशीत काठ्या घेतलेली पोरं उभी होती, पुढारी दुसऱ्याच पॅनलचे. मेंबरीणबाई ट्रॉलीतून उतरली आणि त्यांना म्हणाली, "मी गावची मेंबर हाय. शाळेत जायला सांगितलंय, शाळेत चाललो." पोरं बाजूला झाली. पहिलीच्या आणि तिसरीच्या वर्गात सगळ्यांची सोय केली. खडूनं फरशीवर चौकोन आखून दिले, एका कुटुंबाला एक. भिंतीवर माझ्याच हातानं रंगवलेले पाढे होते. सासू दोन्ही पोरांना घेऊन कुंपणाबाहेर यायची आणि लांबून दाखवून न्यायची. धाकटा रडायचा. अडीच वर्षांचा होता, पाच महिन्यांनी आई दिसत होती आणि जवळ घेता येत नव्हतं.

रात्री मी ओट्यावर बसायचो, ते व्हरांड्यात बसायचे, मध्ये दोरी. तिनं उसाच्या फडातल्या गोष्टी सांगितल्या. तळावर पाणी किती लांब होतं, एका टनाला किती मिळालं, उचल किती फिटली आणि किती राहिली. मी तिला तिच्या पोराची वही दाखवली. कधी लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात मी मोठ्या पोरांना गणितं घालायचो. त्यांना शाळेत राहायला मिळाल्याचं फार अप्रूप वाटत होतं. पाचव्या की सहाव्या रात्री तिनं विचारलं, "सर, आज बी मुक्कामी का?"

"हो."

"मंग दाखला देऊ का लिवून?"

सगळा व्हरांडा हसला. मीही हसलो.

पाऊस पडल्यावर, पेरण्या आटोपल्यावर, दुसऱ्या पॅनलनं जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज टाकलाच. सदस्य पाच महिने गावाबाहेर, कलम ४० प्रमाणे पद रद्द करावं. टाळेबंदीचं कारण सांगून चाललं असतं की नाही, कुणास ठाऊक. ती वेळ आली नाही. प्रोसिडिंग बुकातली सहा महिन्यांच्या रजेची ती एक ओळ दाखवली आणि अर्ज निकाली निघाला. चार महिने लिहिलं असतं तर गेली असती.

त्या वर्षानंतर मी दाखला लिहिला नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. घरभाडे भत्ता नको असा अर्ज केला, तर कार्यालयातले बाबू म्हणाले, "सर, असा अर्जच आजवर कुणी केलेला नाही, कोणत्या फायलीला लावू?" तो अर्ज बरेच महिने पडून होता आणि भत्ता जमा होतच होता. शेवटी गावात खोली घेतली, सासूबाईंच्याच शेजारी, महिना सहाशे रुपये. सोमवार ते गुरुवार तिथं राहायचो, शुक्रवारी जालन्याला. म्हणजे पूर्ण मुख्यालयी काही तेव्हाही नव्हतो. म्हातारीनं एकदा बोटं मोजून दाखवलं, "आठवड्याचे चार दिस. मह्या सुनंपरीस जास्तच की."